वंशावळीची पिशवी पुन्हा काढा

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यात जेवढी जुनी कपाटं उघडली गेली, तेवढी पोलीस ॲक्शननंतर क्वचितच उघडली असतील. सप्टेंबर 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि नांदेड-लातूरच्या तहसिलांतले लाल बस्ते खाली उतरले. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, उर्दूतल्या आणि मोडीतल्या नोंदी. ज्याला आजोबांचं पूर्ण नाव धड सांगता येत नव्हतं त्यानं खापरपणजोबांपर्यंत वंशावळ काढली, शपथपत्र केलं, गावच्या दोन म्हाताऱ्यांच्या सह्या घेतल्या. दाखला कुणाला मिळाला, कुणाला नाही, हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच की ती कागदांची पिशवी आज हजारो घरांत तयार आहे, आणि त्या वंशावळीवरच्या माणसांच्या नावे कुठे पैसा पडून आहे का, हे मात्र आपण विचारलेलं नाही.

पैसा पडून आहे, यात शंका नको. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही अशा ठेवी बँकांना 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग कराव्या लागतात. फेब्रुवारी 2023 अखेर एकट्या सरकारी बँकांनी 35,012 कोटी रुपये असे वर्ग केले होते, त्यात स्टेट बँकेचे 8,086 कोटी. आता आठवून बघा, 1 एप्रिल 2017 ला त्या स्टेट बँकेत कोणकोणत्या बँका विलीन झाल्या. त्यात आपली हैदराबाद बँक होती. मोंढ्यात हळद-सोयाबीन विकून आलेला शेतकरी, जिल्हा परिषदेचा मास्तर, नांदेडच्या उस्मानशाही मिलचा कामगार, यांतल्या किती जणांची खाती तिथेच! कुणी वारलं, कुणी पुण्याला पोरांकडे गेलं, आणि पासबुक पेटीच्या तळाशी राहिलं.

असं पासबुक हाती लागलं तर टाकू नका. शाईनं लिहिलेल्या नोंदी, शेवटच्या ओळीत कारकुनाची आडवी सही, वर चार-पाच आकड्यांचा खाते क्रमांक. आज स्टेट बँकेचा क्रमांक अकरा आकडी असतो, म्हणून काउंटरवर ‘असं खातंच नाही’ असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. तिथून परत फिरू नका. शाखेचं जुनं नाव आणि तो जुना क्रमांक लिहून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारणाऱ्याला तोंडीच उत्तर मिळतं.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. मोबाइलवर नोंदणी करायची, खातेदाराचं नाव टाकायचं, सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख किंवा नुसता पत्ता. 30 बँकांच्या ठेवी तिथे एकत्र शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ मात्र लक्षात ठेवा. ज्ञानोबा कुठे ‘डी’नं लिहिलेला असतो, कुठे ‘जी’नं, कोंडिबाचे तर तीन प्रकार होतात. सगळे घालून बघा. बायकांचं खातं माहेरच्या नावानंही असू शकतं. जिल्हा बँक, नागरी बँक, ग्रामीण बँक यांच्याकडे मात्र थेट शाखेत विचारणंच बरं. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक 2009 मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, आणि मे 2025 मध्ये त्या बँकेत विदर्भ-कोकण ग्रामीण बँकेचीही भर पडली. पाटी बदलली म्हणून ठेव बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेल्या ठेवीवरही खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम असतो, कधीही मागता येते.

पोस्टाची बचत, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचं तसं नाही. हे पैसे बेवारस ठरले की ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, आणि तिथेही 25 वर्षांत कुणी मागितले नाहीत तर सरकारजमा होतात. मिल बंद पडल्यावर ज्यांनी फंडाचा कागद कधी भरलाच नाही, त्यांच्या घरच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती मावेजाची, म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्याची. बँकेच्या पैशाबद्दल दिल्ली-मुंबईत निदान मोहिमा तरी निघतात. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारनं ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ म्हणून एक चालवलीच. मावेजासाठी अशी मोहीम निघालेली माझ्या पाहण्यात नाही. आणि आपल्याकडे जमिनी काय कमी गेल्या? विष्णुपुरी, मन्याड, मांजरा, निम्न तेरणा, मुखेडचा चार दशकं रेंगाळलेला लेंडी प्रकल्प. अलीकडे औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा नांदेडकडे येणारा 361 क्रमांकाचा महामार्ग, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे. निवाडा होतो तो सातबाऱ्यावरच्या नावांनी. नाव मयत आजोबांचं, वारस सात, त्यातले दोन भिवंडीला, एक हैदराबादला, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. मग ज्यांनी कागद दिले त्यांना रक्कम मिळते, उरलेली भूसंपादन अधिकाऱ्याच्या खात्यात राहते. वाद असला तर कोर्टात भरली जाते. तारखा पडतात, वकील बदलतात, आणि पुढच्या पिढीला ‘आपला काहीतरी मावेजा अडकलाय’ एवढंच ठाऊक असतं. अशी ठेव काही वर्षं कुणी मागितली नाही की हिशेबात सरकारजमा दाखवली जाते. हक्क संपत नाही, पण परताव्याचा कागद मग महालेखापालांच्या नागपूर कार्यालयापर्यंत फिरतो, आणि त्या फेऱ्यात माणसं थकतात.

इथे माहितीचा अधिकार कामाला येतो. दहा रुपयांचा अर्ज. गाव, गट क्रमांक, प्रकल्पाचं नाव लिहा आणि तीनच गोष्टी मागा: निवाड्याची प्रत, रक्कम वाटपाचा तक्ता, आणि न वाटलेली रक्कम आज कुठे जमा आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकट्यानं स्वतःपुरतं विचारण्यापेक्षा एका गावानं सगळ्या गटांचं एकदम विचारलेलं चांगलं. कारकुनाला फाइल एकदाच काढावी लागते.

अतिवृष्टीच्या अनुदानाचीही हीच गत आहे. 2025 च्या पुरानंतर पंचनामे झाले, याद्या लागल्या. ई-केवायसी नसलेला, सामाईक खात्यात भावांची संमती नसलेला, किंवा खातेदार वारल्यावर वारस न लागलेला, या तिघांची रक्कम अडते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेल्या यादीतून आपला विशिष्ट क्रमांक बघायचा आणि आपले सरकार केंद्रावर अंगठा द्यायचा, एवढ्यासाठी हजारो रुपये सोडून देणारे लोक आहेत.

वारसांचं थोडं स्पष्ट बोलतो. हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या ठेवीवर मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. नॉमिनीच्या हाती पैसा पडतो, म्हणून तो सगळा त्याचा होत नाही. तहसिलात हक्कसोड घेतली असली तरी ती कशाची, हे वाचून बघा; जमिनीची असेल तर ठेवीचं वेगळं. बहिणीला विचारलं तर वाटा द्यावा लागेल, या धास्तीनं अख्खी ठेव कुजवणारे भाऊ आहेत. हा हिशेब मला कधी उमगला नाही. आणि भाऊ बोलत नसतील तर बहिणींनो, तुम्हीच अर्ज करा, तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

कागद फार लागत नाहीत. मृत्यूचा दाखला पहिला. जुना मृत्यू नोंदलाच गेला नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, म्हणून त्याला आधी हात घाला. सप्टेंबर 2025 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नॉमिनी नसला आणि वारसांत वाद नसला, तर व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत कोर्टाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय दावा निकाली काढायचा आहे, तोही कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेत ‘कोर्टातून आणा’ म्हणाले तर हे निर्देश दाखवा. आणि टक्केवारीवर पैसे काढून देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. ओटीपी तर मुळीच नको.

आता कामाचं. एप्रिल 2025 मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली. तलाठ्यांनी (सरकारी कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी) चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या, वारस लावले. त्या याद्या तयारच आहेत. ज्याच्या नावे जमीन होती, त्याच्या नावे पासबुक, पॉलिसी किंवा अडकलेला मावेजा असण्याची शक्यता किती, हे वेगळं सांगायला नको. मग तीच यादी घेऊन गाव बसलं तर?

स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दरवर्षी खेड्यांत होतात. प्राध्यापकांनो, यंदा झाडलोट आणि प्रभातफेरी एक दिवस कमी करा. चार पोरं, चार मोबाइल, एक यादी, आणि पारावर दुपारी तीन तास. बचत गटाच्या ताईंना सोबत घ्या. कोणाच्या घरात कोणती पेटी आहे, हे त्यांना माहीत असतं. लातुरात नीट-जेईईचे अर्ज डोळे मिटून भरणारी पोरं आहेत, त्यांना आजीच्या नावाचं ‘उद्गम’ बघायला किती वेळ लागणार? पुणे, मुंबई, हैदराबादला गेलेल्यांनी दिवाळीला गावी आल्यावर वंशावळीचा फोटो काढून न्यावा आणि तिथल्या जुन्या भाड्याच्या पत्त्यावरही शोध घ्यावा.

पुढच्या ग्रामसभेत ठराव असा मांडा: गावातल्या मयत खातेदारांच्या नावे गावच्या बँक शाखांतल्या बेवारस ठेवी, भूसंपादनाची न वाटलेली रक्कम आणि अडकलेलं अनुदान यांची माहिती मागवून ती वर्षातून एकदा चावडीवर वाचली जावी; बँकेनं रक्कम उघड करू नये, फक्त नाव वाचावं. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना, एक उपविभागीय अधिकाऱ्यांना, एक जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना. सूचक म्हणून तुमचं नाव लिहा आणि अनुमोदक म्हणून ज्या भावकीशी बोलणं बंद आहे, तिच्यातला एकजण गाठा.