ए-4 की ए-6? जालन्यातला दसरा आणि एकाच कंपनीच्या दोन महागड्या गाड्यांचा हिशेब

मोटारींवरच्या जीएसटीचे नवे दर 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झाले आणि महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये पुन्हा गर्दी दिसू लागली. जालन्यासारख्या स्टील आणि बियाणे उद्योगाच्या गावात या काळात एक प्रश्न हमखास विचारला जातो. बजेट ठरलेले असते, कंपनीही ठरलेली असते. अडते ते मॉडेलवर. ऑडी घ्यायची, पण ए-4 की ए-6?

प्रश्न ऑडीचा निवडण्याला कारण आहे. या दोन्ही सेडान जालन्याहून तासाभराच्या अंतरावर, छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जोडल्या जातात. स्कोडाचा हा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला. पुढे फोक्सवॅगन समूहातील ऑडीच्या गाड्याही तिथेच जोडल्या जाऊ लागल्या.

किंमत नेमकी किती उतरली?

1,500 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सेडानवर आधी 28 टक्के जीएसटी आणि 20 टक्के उपकर, असा एकूण 48 टक्के कर होता. आता उपकर गेला आणि सरसकट 40 टक्के कर आला. त्यामुळे ‘गाडी आठ टक्के स्वस्त झाली’ असे बोलले जाते. ते बरोबर नाही. 100 रुपयांची गाडी आधी 148 रुपयांना पडत होती, ती आता 140 ला पडते. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने घट साधारण 5.4 टक्के.

कंपनीने जाहीर केलेल्या किमतींशी हे गणित जुळते. ए-4 ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 48.89 लाखांवरून 46.25 लाख झाली, तर ए-6 ची 67.38 लाखांवरून 63.74 लाख. सप्टेंबर 2025 मध्ये दोघींमध्ये साडेसतरा लाखांचे अंतर होते.

साडेसतरा लाखांत मिळते काय?

इंजिन नव्हे. दोन्ही गाड्यांत दोन लिटरचे पेट्रोल टर्बो इंजिन आहे, दोन्हींत सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि दोन्हींत ताकद पुढच्या चाकांना जाते. ए-6 मध्ये हेच इंजिन जास्त ताकदीचे करून बसवले आहे, पण गाडीही जड आहे. शून्यापासून ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठायला ए-4 ला 7.1 सेकंद लागतात आणि ए-6 ला 6.8, असा कंपनीचा दावा आहे. हा फरक जालना-संभाजीनगर रस्त्यावर कुणाच्या लक्षात येणार नाही.

मिळते ती जागा. ए-4 ची लांबी 4,762 मिलिमीटर, ए-6 ची 4,939. दोन्ही चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, ए-6 मध्ये 104 मिलिमीटरने जास्त आहे आणि त्याचा बराचसा लाभ मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना होतो. डिकी 460 लिटरऐवजी 530 लिटर. शिवाय आतली सजावट, शांतता आणि पडद्यांचा थाट वरच्या दर्जाचा.

म्हणून खरा प्रश्न ‘गाडीत मालक कुठे बसतो’ हा आहे. स्वतः स्टिअरिंग हातात घेणाऱ्याला ए-6 साठी जादा पैसे मोजून फारसे काही हाती लागत नाही. उलट जुन्या जालन्यातल्या अरुंद गल्ल्यांत वळवायला ए-4 सोपी. चालक ठेवून आठवड्यातून दोनदा मुंबई गाठणाऱ्याची गोष्ट वेगळी. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला झाला आणि जालन्याहून मुंबई एका दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ आली. अशा प्रवासात मागच्या आसनावर रोजचे काही तास जातात. तिथे ते 104 मिलिमीटर वसूल होतात.

याच महामार्गामुळे आणखी एक बाजू पुढे येते. ऑडीने 2020 मध्ये भारतात डिझेल बंद केले. वर्षाला 40-50 हजार किलोमीटर धावणाऱ्या उद्योजकाने ए-4 आणि ए-6 मध्ये डोके घालण्याआधी पेट्रोलचा खर्च मांडून पाहावा. तो आकडा जड वाटला, तर या दोन्ही गाड्या त्याच्यासाठी नाहीत.

गाडी कुणाच्या नावावर?

शोरूममधल्या चर्चेत हा मुद्दा सहसा शेवटी येतो. यायला हवा पहिला.

महाराष्ट्रात 20 लाखांहून महाग पेट्रोल मोटारीवर व्यक्तीच्या नावाने नोंदणी केल्यास 13 टक्के एकरकमी वाहन कर लागतो. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली, तर 20 टक्के. सप्टेंबर 2025 च्या किमतींवर ए-4 साठी हा कर साधारण 6 लाखांवरून सव्वानऊ लाखांवर जातो, ए-6 साठी 8.29 लाखांवरून 12.75 लाखांवर. त्याच किमतींत विमा आणि किरकोळ खर्च सोडून ए-4 व्यक्तीच्या नावावर सुमारे 52.26 लाखांना पडते, कंपनीच्या नावावर साडेपंचावन्न लाखांना. ए-6 साठी हेच आकडे 72 लाख आणि 76.49 लाख. म्हणजे शोरूममध्ये साडेसतरा लाख दिसणारे दोन गाड्यांतले अंतर कंपनीच्या नावावर 21 लाख होते.

(जुलै 2025 मध्ये राज्याने या कराची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख केली, त्याची बरीच चर्चा झाली. या दोन गाड्या त्या मर्यादेच्या आसपासही नाहीत. ती बातमी दीड-दोन कोटींच्या पुढच्या गाड्यांची.)

शेंद्र्याचा उपयोग इथे होतो. परदेशातून तयार आणलेल्या गाडीवर व्यक्तीच्या नावानेही 20 टक्के वाहन कर लागतो आणि सीमाशुल्क वेगळे. सुट्या भागांतून इथे जोडलेल्या गाडीला 13 टक्क्यांचा दर मिळतो, सीमाशुल्कही बरेच कमी पडते.

मग कारखानदार 20 टक्के भरून कंपनीच्या नावावर गाडी का घेतात? घसाऱ्यासाठी. मोटारीवर आयकरात दरवर्षी 15 टक्के घसारा मिळतो, तेवढा नफा कागदावर कमी होतो. जीएसटीची वजावट मात्र मिळत नाही. प्रवासी मोटारीवरचा जीएसटी कंपनीच्या खात्यात परत येत नाही, हे अनेकांना बिल हातात पडल्यावर कळते. गाडी खरोखर धंद्यासाठी वापरली जात असेल, तर जादा वाहन कर काही वर्षांत भरून निघतो. घरच्या लग्नकार्यासाठीच ती फिरणार असेल, तर आयकर अधिकारी तो खर्च अमान्य करू शकतात. एकट्याच्या मालकीचा धंदा असलेल्याला मधला मार्ग आहे: गाडी स्वतःच्या नावावर, म्हणजे 13 टक्के कर, आणि धंद्यातल्या वापरापुरता घसाराही.

जालन्यात कागदपत्रांचा विषय हलक्याने घेतला जात नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आयकर विभागाचे पथक लग्नाच्या वऱ्हाडाची स्टिकर लावलेल्या गाड्यांतून शहरात आले होते आणि स्टील उद्योगांवरच्या त्या छाप्यांत 50 कोटींहून अधिक रोकड सापडली होती. दहा लाखांवरच्या प्रत्येक मोटारीवर विक्रेता 1 टक्का कर जमा करून खरेदीदाराच्या पॅनवर नोंदवतो. हा पैसा विवरणपत्र भरताना समायोजित होतो, पण खरेदीची नोंद विभागाकडे आपोआप पोहोचते.

मॉडेल जुने तर नाही?

आहे, आणि हा ए-4 विरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा. ऑडीने 2024 मध्ये जागतिक बाजारात ए-4 ची जागा नव्या ए-5 ला दिली. भारतात मिळणारी ए-4 मुळात 2015 च्या पिढीतली, नंतर सुधारलेली. ए-6 चीही नवी पिढी 2025 मध्ये युरोपात आली, म्हणजे ती सुद्धा अगदी ताजी नाही. पण तिचे नाव तरी पुढे चालू आहे. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने पुनर्विक्रीची किंमत धरताना हे मोजावे आणि आजच्या सौद्यात त्याची सूट मागावी. आठ-दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याला याचे फारसे दुःख नाही.

दसरा की पाडवा?

मराठवाड्यात अशा खरेदीकडे नुसती हौस म्हणून पाहिले जात नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा 65 कोटींच्या घरातला होता. स्टेट बँकेने त्यासाठी स्वस्त दरात कर्ज दिले आणि ‘ट्रॅक्टरला महाग कर्ज, मर्सिडीजला स्वस्त’ अशी टीका झाली, ती आजही निघते. 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पण सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याला त्या सणात तो कितपत घेता येणार, हा प्रश्नच होता. जालन्याच्या बाजारपेठेची उलाढाल त्याच शेतकऱ्याच्या खिशावर चालते. बियाण्यांच्या किंवा सळईच्या व्यापाऱ्याने 20 लाख जास्तीचे मोजण्याआधी दिवाळीनंतरच्या वसुलीचा अंदाज घेतलेला बरा.

तरीही घ्यायचीच असेल, तर तारखेला महत्त्व आहे. 2025 मध्ये साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा 2 ऑक्टोबरला होता आणि दिवाळीचा पाडवा 22 ऑक्टोबरला. आर्थिक वर्षात गाडी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. 2 ऑक्टोबरपासून 31 मार्चपर्यंत 181 दिवस भरतात. दसऱ्याला वापरात आलेल्या कंपनीच्या ए-6 वर पहिल्या वर्षी सुमारे 11.47 लाखांचा घसारा, पाडव्याला आलेल्या गाडीवर 5.74 लाखांचा. 25 टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीसाठी हा पहिल्या वर्षीचा फरक 1.43 लाख रुपयांचा. ए-4 वर लाखभराचा. ही रक्कम कायमची बुडत नाही, पुढच्या वर्षांवर ढकलली जाते.

मात्र बुकिंगची तारीख किंवा पूजेचा फोटो त्यासाठी पुरत नाही. गाडी ‘वापरात’ आलेली लागते: नोंदणी झालेली, विमा सुरू झालेला, आणि शक्य झाल्यास 3 ऑक्टोबरपर्यंतचे पेट्रोलचे एक बिल कंपनीच्या नावाने फाइलला लावलेले.