वाडा एकाचा, नदी कोणाची?

स्कॉटलंडच्या वायव्येकडील बेटांवर एखादा जुना मत्स्यशिकारीचा बंगला विक्रीस निघाला, की जाहिरातीत प्रथम दगडी भिंती, बुरूज आणि समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या यांचे वर्णन येते. खरा माल मात्र पुढच्या ओळींत असतो : अमुक नद्या, अमुक तळी आणि त्यांतील साल्मन धरण्याचा हक्क. तेथील कायद्यात हा हक्क जमिनीपासून निराळी, स्वतंत्रपणे विकता येणारी मालमत्ता मानला जातो. मुळात तो राजसत्तेचा; तिने तो सरदारांना बहाल केला आणि पुढे तो हस्तांतरित होत राहिला. परिणामी, नदीकाठी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाने त्या नदीतील साल्मनला परवानगीवाचून हात लावला, तर तो चोर ठरतो.

हॅरिस बेटावरील अव्हिन्सुईचा वाडा हे याचे बोलके उदाहरण. १८६० नंतरच्या दशकात सातव्या अर्ल ऑफ डनमोरसाठी तो बांधण्यात आला. वाडा उभा राहतो न राहतो तोच उत्तर हॅरिस स्कॉट या बँकर घराण्याकडे गेले. हुशिनिशला जाणारा सार्वजनिक रस्ता या वाड्याच्या अगदी दारावरून जातो आणि शेजारीच नदी धबधब्याने समुद्रात उतरते. रस्त्याने जाणाऱ्याला उसळी घेणारे साल्मन पाहता येतात. पाहण्यावर बंदी नाही, एवढेच!

१९१९ मध्ये सनलाइट साबणाचे उत्पादक लॉर्ड लेव्हरह्यूम यांनी हॅरिस विकत घेतले. मासेमारीचे मोठे बंदर उभारून बेटाचा कायापालट करण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती. ऑब या गावाला त्यांचे नावही मिळाले. १९२५ मध्ये ते निवर्तले, कामे थांबली आणि मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. धनिक सद्भावनेचा असला, तरी बेटाचे भवितव्य एका माणसाच्या आयुष्याला टांगलेले राहते, हे त्या वेळी बेटवासीयांना पुरते कळून चुकले.

२००२ मध्ये उत्तर हॅरिसची मालमत्ता पुन्हा बाजारात आली. या वेळी रहिवाशांनी एकत्र येऊन, सार्वजनिक निधीच्या साहाय्याने, २००३ च्या मार्चमध्ये सुमारे ५५,००० एकर जमीन आपल्या विश्वस्त संस्थेच्या नावे केली. ही घटना असामान्य होती, यात शंका नाही. परंतु वाडा आणि मासेमारीचे हक्क त्यांच्या वाट्याला आले नाहीत; ते एका उद्योगपतीने घेतले. डोंगर गावाचा झाला, डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यातील साल्मन मात्र वाड्याबरोबर गेला.

ही तडजोड चूक होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेकडो लोकांच्या वस्तीने दीडशे वर्षांच्या वाड्याचे छप्पर कोठून शाकारावे? धनिक भागीदार पुढे आला नसता, तर कदाचित सौदाच फिसकटला असता. शिवाय अशा वाड्यांत स्वयंपाकी, माळी, नदीवर सोबत करणारे गिली यांना रोजगार मिळतो. चार घरांच्या वाडीत त्याचे मोल मोठे. आक्षेप आहे तो वाडा आणि नदी यांना एकाच किमतीत बांधण्यावर. वाडा हा डागडुजी मागणारा खर्च आहे; नदी हे गावाचे भांडवल आहे. त्याच वर्षी मंजूर झालेल्या भूमिसुधारणा कायद्याने क्रॉफ्टर समाजाला जमिनीबरोबर साल्मनचे हक्कही घेता येतील, अशी तरतूद केली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही या गाठीतील अन्याय दिसला होता.

आता तर प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ब्रिटनमधील अटलांटिक साल्मन संकटग्रस्त ठरवला. पुढचा ग्राहक जेव्हा अशा बंगल्याची किंमत मोजील, तेव्हा त्याच्या हाती पडणारा हक्क हा उतरत्या संख्येच्या माशाचा असेल, आणि त्या माशाची पैदास ज्या ओढ्यांत होते, त्यांच्या काठची राखण बव्हंशी गावालाच करावी लागेल. जो राखतो, त्याचे नाव विक्रीच्या कागदावर असावे, एवढी मागणी बेटवासीयांनी केली, तर तिला भाबडी म्हणता येणार नाही.