लोणारचे तळे कोणत्या खात्यात?

आज राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळाशाळांत प्रतिकृती मांडल्या जातील, भाषणे होतील आणि कुणीतरी हमखास विचारील, सगळ्यात महत्त्वाचे शास्त्र कोणते? उत्तर ठरलेलेच असते. भौतिकशास्त्राला पाट-रांगोळी, जीवशास्त्राला मेडिकलच्या प्रवेशापुरता मान आणि भूशास्त्र शेवटच्या पंगतीला. ही उतरंड आली बरीचशी कटऑफमधून, थोडी नोबेलच्या यादीतून. त्या यादीत तर गणितही नाही!

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारकडे पाहा. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे ते विवर ज्वालामुखीचे, असे अनेकांना वाटे. सारा दख्खनच लाव्हाचा, तेव्हा तर्क वावगा नव्हता. पण तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड धक्क्याने काच झालेले खनिज सापडले आणि १९७३ साली उल्कापातावर शिक्कामोर्तब झाले. वय पन्नास हजार वर्षे सांगितले जाई. पोटॅशियमच्या किरणोत्सारातून खडकात साठणारा आरगॉन मोजल्यावर ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले. मोजणीची रीत भौतिकशास्त्राची खरी. पण आघातात वितळलेला दगड कोणता, हे हेरणारी नजर भूशास्त्रज्ञाचीच.

जून २०२० मध्ये याच विवरातल्या तळ्याचे पाणी गुलाबी झाले. तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कारण निघाले हॅलोआर्किया हे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्यांचे फावले. या कोड्यापुरते सूक्ष्मजीवशास्त्र अव्वल.

ज्या शोधासाठी आजचा दिवस साजरा होतो, त्याचीही तीच गत. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग रेणूंच्या कंपनांमुळे रंग बदलतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात दाखवले. १९३० चे नोबेल मिळाले भौतिकशास्त्राचे; पण त्या शोधावर चालणारी यंत्रे आज औषधांची शुद्धता पाहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर आणि खनिजे ओळखणाऱ्याच्या प्रयोगशाळेत दिसतात.

तरीही बारावीनंतर 'जिऑलॉजीला स्कोप नाही' असे सांगणारे एक काका घरोघरी असतातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, तेव्हा दख्खनच्या अचल समजल्या जाणाऱ्या पठाराखाली चालले आहे तरी काय, हे सांगणारा माणूस हेच काका शोधत होते.