‘रात्रभर लावून ठेव!’

आपल्याकडे एखादा प्रोग्रॅम हळू चालला की इलाज ठरलेला आहे. ‘रात्रभर लावून ठेव, सकाळी बघ!’ सिनियर हेच सांगतात, रूम पार्टनर हेच सांगते. दुसरा इलाज म्हणजे डिपार्टमेंटकडे नवीन मशीन मागायची. मला दोन्ही पटत नाहीत.

सुट्टीत लायब्ररीचं स्टॉक टेकिंग झालं. मॅडमनी मला दोन फाईल्स दिल्या. एकीत दाखल नोंदवहीतले सगळे नंबर, साधारण ६०,०००. दुसरीत कपाटं फिरून स्कॅन केलेले आणि इश्यू असलेले नंबर, जवळपास तेवढेच. पहिलीतला जो नंबर दुसरीत नाही, ते पुस्तक हरवलेलं. सोप्पं! पायथॉनमध्ये दहा ओळी लिहिल्या. पहिल्या फाईलची एक ओळ घ्यायची आणि दुसरी फाईल वरपासून शोधायची. पुढची ओळ घेतली की पुन्हा वरपासून. ६०,००० गुणिले ६०,००० म्हणजे ३६० कोटी तुलना, सापडल्यावर थांबलं तरी सुमारे निम्म्या. लॅबचं मशीन आधीच म्हातारं. लावलं रात्रभर.

सकाळी यादी तयार. हजारावर पुस्तकं गायब!

ही यादी वर गेली असती तर पहिला प्रश्न काउंटरवरच्या मामांना विचारला गेला असता, मला नाही. मामांनी काही न बोलता यादीतला एक नंबर वाचला, आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. “ताई, हे तर इथंच आहे.” नोंदवहीत ‘बीबी-१२०७’ आणि स्टिकरवर ‘बीबी १२०७’. बुक बँकेचं पुस्तक. मधली एक आडवी रेघ, आणि कॉम्प्युटरच्या लेखी पुस्तक चोरीला!

आता रेघ काढून टाकणं अवघड नाही. पण त्यासाठी पुन्हा एक रात्र. मग कळलं की काही नंबरांच्या पुढची शून्यं एक्सेलने खाल्लीत. आणखी एक रात्र. काही ओळींच्या शेवटी न दिसणारी स्पेस. खरं सांगते, तिसऱ्या रात्री माझ्या मनात आलं की जाऊ दे, आहे तीच यादी देऊन टाकू. माझा मुद्दा हाच आहे. हळू प्रोग्रॅमने नुसता वेळ जात नाही, पुन्हा तपासायची इच्छाच जाते.

आपल्या गेटवर कुरियरचे पार्सल येतात. वॉचमन काका प्रत्येक पार्सलसाठी हॉस्टेलचं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचत बसले तर? ते तसं करत नाहीत. खोली नंबर बघतात आणि थेट त्या खणात टाकतात. हॅशिंग म्हणजे साधारण हेच. नंबरावरूनच खण काढायचा आणि फक्त तिथेच बघायचं. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी ही कल्पना १९५३ मध्ये मांडली होती. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळातली! आम्ही ती परीक्षेसाठी पाठ केली, व्हायवात सांगितली आणि लॅबमध्ये विसरलो. दुसरी फाईल एकदाच वाचून सेटमध्ये भरली, दोन्हीकडचे नंबर भरतानाच साफ केले, आणि तेच काम त्याच म्हाताऱ्या मशीनवर दोन-तीन सेकंदांत झालं.

दुसराही रस्ता आहे. जर्नल रोल नंबरने लावून यादीशी टिक करतो तशा दोन्ही फाईल्स क्रमाने लावायच्या आणि दोन बोटांनी बरोबर पुढे जायचं. फक्त दोन्हींचा क्रम एकाच पद्धतीचा हवा. अक्षरं म्हणून लावलं तर १० हा ९ च्या आधी येतो. एक फाईल अशी, एक तशी असली तर ओळी गुपचूप निसटतात.

सेटचीही एक खोड आहे. एकच नंबर दोनदा आला तर तो एकदाच ठेवतो. तेव्हा मी डिक्शनरी वापरून प्रत्येक नंबर किती वेळा आला ते मोजलं. काही नंबर चक्क दोन पुस्तकांवर चिकटवलेले निघाले. म्हणजे दुसऱ्या पुस्तकाचा खरा नंबर उगाच हरवलेल्यांत! हे रात्रभरवाल्या प्रोग्रॅमने मला कधीच कळलं नसतं, कारण मी विचारलंच नसतं. आता संशय आला की विचारायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं. त्या दुपारी मी तो वीसेक वेळा तरी चालवला असेल. मामा शेजारी बसून एकेक नंबर सांगत होते.

नवीन मशीन आल्या तर मलाही हव्याच आहेत. पण माझे ३६० कोटी त्यांच्यावर टाकायला नकोत.

यादी शेवटी दीडशेच्या आत आली. मामांनी ती काउंटरजवळ लावली आहे. त्यातलं एक पुस्तक आमच्याच विंगमध्ये टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सापडलं. तुमच्याही टेबलाखाली एकदा वाकून बघा, नंबर मामांकडे द्या. फाईन बघून घेऊ!