चुंबकावरून परतलेला उजेड

ग्लासगोच्या एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉन केर यांनी 1876 साली ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात एक प्रयोग सांगितला. इलेक्ट्रोमॅग्नेटचा लोखंडी ध्रुव त्यांनी घासून लख्ख केला होता. त्यावर ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश पाडायचा आणि परतीच्या वाटेवरचा दुसरा ध्रुवक पलीकडे अंधार होईल असा फिरवून ठेवायचा. विद्युतप्रवाह सुरू केला की त्या अंधारात पुसट उजेड येई. चुंबकावरून परतताना प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल किंचित वळत होते. चुंबकन उलटे केले की ते उलट बाजूला वळे.

या ‘केर परिणामा’चे खरे मोल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. चुंबकीय थर काही अणूंइतकाच जाड असेल, तर नेहमीच्या उपकरणात खालच्या जाड आधाराच्या संकेतापुढे त्याचा संकेत हरवून जातो. दृश्य प्रकाश मात्र धातूत दहा-वीस नॅनोमीटरच शिरतो आणि वरच्या थरांचीच खबर घेऊन परततो. 1985 मध्ये शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत मूग आणि बेडर यांनी सोन्यावर चढवलेल्या लोखंडाच्या थरांचे चुंबकत्व याच पद्धतीने मोजले. त्यांची पोच थेट एका अणुथरापर्यंत होती.

प्रतल वळते ते अंशाच्या एका लहानशा भागाने. इतके थोडे वळण पकडायचे कसे? दुसरा ध्रुवक पूर्ण अंधाराच्या स्थितीत ठेवला, तर पलीकडे येणारा उजेड वळणाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जवळजवळ शून्य. तोच ध्रुवक मुद्दाम अंशभर सरकवून थोडा उजेड येऊ दिला, की त्यातली घटवाढ वळणाच्या सरळ प्रमाणात होते आणि चिन्हही कळते. मग चुंबकीय क्षेत्र वाढवत-कमी करत गेले की पडद्यावर हिस्टेरेसिसचे, म्हणजे क्षेत्रामागे रेंगाळणाऱ्या चुंबकनाचे, वळसे उमटतात.

पण हे वळसे वाचताना सावध राहावे लागते. चुंबकन उलटवायला किती क्षेत्र लागते, ते सहज उलटते की अडून बसते, हे त्यांतून नेमके कळते. चुंबकनाचे निरपेक्ष मूल्य मात्र थेट मिळत नाही. शून्य वळण म्हणजे चुंबकत्वच नाही, असेही समजायचे नसते. 2017 साली वॉशिंग्टन विद्यापीठ आणि एमआयटीतल्या संशोधकांनी क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर केर परिणामाने तपासला. सुमारे 45 केल्विनखाली तो एकटाच चुंबक होता. दोन थर एकावर एक आले तेव्हा क्षीण क्षेत्रात संकेत नाहीसा झाला, तिसऱ्या थराने तो परत आला. दोन थरांचे चुंबकन परस्परांविरुद्ध उभे होते. दुहेरी थरावर पुरेसे तीव्र क्षेत्र लावले तेव्हा दोन्ही एका दिशेला वळले आणि संकेत एकदम उसळला.

केर परिणामाचा प्रयोग आपल्या महाविद्यालयांत असायलाच हवा. बीएस्सीचा विद्यार्थी मालसचा नियम पडताळतो, पुढे हॉल परिणामाचे आणि बी-एच वक्राचे प्रात्यक्षिक करतो. लेसर, ध्रुवक, फोटोडायोड आणि इलेक्ट्रोमॅग्नेट असे बरेच साहित्य तिथे वेगवेगळ्या टेबलांवर आधीच असते. ते एकत्र जुळवताना कोन साधणे, कंपने आवरणे, दिव्यांचा उजेड आणि संकेतातला गोंगाट वेगळा काढणे हे सारे विद्यार्थ्याला स्वतः करावे लागते. बंद डब्यातल्या तयार यंत्रावर बटण दाबून आकडे उतरवणाऱ्याला यातले काहीच शिकता येत नाही. प्रयोगशाळांचा पैसा अशा डब्यांवर खर्च होतो, हे बदलले पाहिजे.

एका अणुथराचा नमुना पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यात नाही. त्याला अतिनिर्वात कक्ष किंवा अतिशीत तापमान लागते. पण वरून संरक्षक लेप दिलेली, काही दशक नॅनोमीटर जाडीची कोबाल्ट किंवा परमॅलॉयची फिल्म साध्या हवेत टिकते. ती बनवण्याची सोय अनेक विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या पातळ-थर प्रयोगशाळांत आहे. महाविद्यालयाला सेंटीमीटरभराचा तुकडा पुरेल, आणि तो वर्षानुवर्षे वापरता येईल.