डिकीतला खर्ज

मंदिरात शिरण्यापूर्वी आपण पादत्राणे बाहेर काढतो. रस्त्याची धूळ सभामंडपात येऊ नये, एवढा साधा विवेक त्यामागे आहे. धूळ डोळ्यांना दिसते, म्हणून ती आत नेण्याची लाज वाटते. आवाज दिसत नाही. म्हणूनच की काय, तो कोठेही नेण्याची आणि कोणावरही सांडण्याची लाज आपण सोडून दिली आहे. जत्रेच्या किंवा चवथीच्या दिवसांत देवळाच्या तळीपलीकडे मोटारी येऊन उभ्या राहतात, त्यांतल्या एखादीची डिकी उघडते, आणि आत आरती चालू असता बाहेरून येणाऱ्या धक्क्यांनी दाराच्या फळ्या व माणसांच्या छात्या एकाच ठेक्यात हादरू लागतात. आमचे आजचे लिहिणे डिकीत बसवलेल्या त्या पेटीविरुद्ध आहे. परंतु तिच्यावर कोरडे ओढून आम्ही थांबणार नाही. आपणा देवळाच्या माणसांनाही पुढे चार शब्द ऐकावे लागतील.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. मोटारीबरोबर कारखान्यातून येणारे ध्वनिक्षेपक लहान असतात. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचे स्वर त्यांना नीट पेलत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी दहा-बारा इंच व्यासाचा मोठा ध्वनिक्षेपक लाकडी पेटीत बसवून डिकीत ठेवतात. हाच सबवूफर. त्याला शक्ती पुरविण्यासाठी निराळा ॲम्प्लिफायर लागतो आणि तो मोटारीच्या बॅटरीवर चालतो. ही बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असता १४ व्होल्टच्या आसपासची. एवढ्या दाबावर खरोखरीचे १,००० वॅट काढावयाचे म्हटले, तर ७० हून अधिक ॲम्पिअर प्रवाह हवा. मोटारीच्या पुढच्या दोन्ही हॅलोजन दिव्यांना मिळून १० ॲम्पिअरसुद्धा लागत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खोक्याची भूक कळते. हा प्रवाह नेणारी जाड तार इंजिनाकडून पत्र्यातून आरपार डिकीपर्यंत जाते. बॅटरीच्या टोकाशी, हातभर अंतराच्या आत, फ्यूज नसेल आणि पत्र्याच्या भोकाला रबरी कडे नसेल, तर घासून उघडी पडलेली तार पत्र्याला टेकते व मोटार पेटू शकते. हौस करणाऱ्याने निदान एवढे तरी जाणावे. पण पुष्कळांना ठाऊक असते ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटांचे आकडे. आणि ते आकडे क्षणिक कमाल शक्तीचे असतात, सतत मिळणाऱ्या शक्तीचे नसतात, हे सांगण्याची तसदी विकणारा घेत नाही.

"मोटार माझी, पैसा माझा, काचा बंद करून ऐकतो, तुमचे काय जाते?" असा प्रश्न यावर विचारला जातो. प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देऊ. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात. ३,००० हर्ट्झची लहर जेमतेम अर्ध्या वितीची, सुमारे साडेअकरा सेंटिमीटरची. ती काचेवर आपटते, पडद्यात मुरते, भिंतीपाशी थांबते. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिला मोटारीचा पातळ पत्रा अडवू शकत नाही, घराची भिंतही पुरती अडवू शकत नाही, आणि ती एकाच दिशेने न जाता चोहीकडे पसरते. म्हणजे काचा बंद करणाऱ्याच्या पदरी गाणे पडते. शेजाऱ्याच्या पदरी गाण्यातले शब्द गेलेला, सूर गेलेला, नुसता दणका उरतो. गोड ते आपण घ्यावे आणि चोथा दुसऱ्याच्या अंगणात टाकावा, असा हा व्यवहार आहे. त्याला खाजगी करमणूक म्हणणे ही भाषेची थट्टा होय.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तेथे निराळीच गंमत आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतील मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. पण हे डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात, तीत खालच्या स्वरांना फार थोडे वजन दिलेले आहे. ५० हर्ट्झच्या स्वरातून मोजयंत्र सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणून ८५ डेसिबलचा दणका नुसताच मोजला, तर कागदावर तो ५५ उमटतो, म्हणजे दिवसाच्या मर्यादेत नेमका बसतो! मंद आवाजात खालचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, त्या अनुभवावर ही पद्धत बेतलेली आहे. परंतु खिडकीचे तावदान कानाने ऐकत नाही, आणि आजारी माणसाची छातीही नाही. तेव्हा "यंत्र लावा आणि मोजा" असे आव्हान देणाऱ्याची बाजू कागदावर कधीकधी खरी ठरेल. म्हणून ती न्याय्य ठरत नाही. जेथे कायद्याचा कान अपुरा पडतो, तेथे माणसाच्या मर्यादेचे काम सुरू होते.

हौस करणाऱ्याचे स्वतःचे नुकसान वेगळेच. ८५ डेसिबलच्या गोंगाटात दिवसाकाठी आठ तास काढता येतात, आणि पुढे दर ३ डेसिबलांना ती मुदत निम्मी होत जाते, असे श्रवणरक्षणाचे एक प्रचलित गणित सांगते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. आवाज दुप्पट वाटावा म्हणून शक्ती दसपट करावी लागते. म्हणून आज पाचशे वॅट, पुढल्या वर्षी हजार, अशी पायरी चढत जावी लागते. मधल्या काळात कान बधिर होत जातो आणि बधिर कान आणखी मागतो. व्यसनाची रीत याहून निराळी नसते.

आता एक आक्षेप आमच्याच घरातून येतो, आणि तो हलका नाही. "चौघडा काय मंजूळ होता? शिगम्याचा ढोल-ताशा काय कुजबुजत होता? घुमट-आरतीत घुमट, शामेळ आणि कांसाळे एकत्र वाजू लागली की घर दणाणते, ते कसे चालते?" खरे आहे, आमची वाद्ये भित्री नव्हती. पण ढोल वाजविणाऱ्याचा हात थकतो आणि हात थकला की ढोल थांबतो. चौघड्याला वेळ असते. तो ऐकून वाड्यावरच्या माणसाला देवळात काय चालले आहे ते कळते. घुमट वाजविणारा समोर बसलेला असतो, त्याला आपण ओळखतो, "बाबा, घरात तान्हे मूल आहे, जरा हळू" असे त्याला सांगता येते. घोरपडीच्या कातड्याचे घुमट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अडले, तेव्हा वाजविणारे बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आणि २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला वारसा-वाद्याचा मान दिला. वाद्य माणसांच्या हाती असले म्हणजे काळाबरोबर असा समेट होऊ शकतो. डिकीतली पेटी थकत नाही, वेळ पाळत नाही, आणि तिच्या मालकापाशी बोलावयाचे तर आधी ओरडावे लागते.

खालच्या स्वराशी आमचे वैर नाही, हेही येथे स्पष्ट करावयास हवे. खर्जाइतका मान आपल्या संगीतात क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात मंद्र स्वराचे स्थान हृदयात सांगितले. गवई पहाटे उठून खर्ज घोटतो, कारण श्वासाची खरी परीक्षा तेथे होते. पुरुषांच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे सबवूफरच्याच मुलखात! फरक असा, की ती तार ऐकण्यासाठी जवळ जाऊन बसावे लागते आणि मन शांत करावे लागते. ज्या मंगेशीत १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले, त्या फोंड्याच्या परिसरातील देवळांनी ऐकणारे कान पिढ्यान्‌पिढ्या घडविले. तो कान शांततेत तयार झाला. बाजारातून आणून बोल्टांनी आवळलेल्या खर्जाने तो घडावयाचा नाही. मोडेल मात्र खचित.

येथवर वाचून देवस्थानांच्या समित्यांतील मंडळी मान डोलवीत असतील. त्यांनी आता जरा सावरून बसावे. डिकी उघडणारा हा तरुण आवाजाचा धडा कोठे शिकला? पहाटे कळसाच्या उंचीवर टांगलेले कर्णे ध्वनिमुद्रित स्तोत्रे गावभर फेकतात, ते त्याने पाळण्यात ऐकले. सभामंडपात पन्नास माणसे असता पाच हजारांना पुरेल एवढा ध्वनिवर्धक कीर्तनकाराच्या पुढे ठेवलेला त्याने पाहिला. वाजविणारा मिळत नाही अशी सबब सांगून, नगारा व घंटा बडविणारे विजेचे यंत्र आपण कोपऱ्यात बसविले. बटण दाबावे आणि भक्ती सुरू व्हावी, हे त्याने आपल्याकडूनच उचलले. आपण कळसाशी जे केले, ते त्याने डिकीत केले. "आम्ही देवाचे लावतो" एवढ्याने आपली सुटका होत नाही, कारण त्यालाही भजनेच लावता येतात आणि कित्येकदा तो तीच लावतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका चर्चच्या प्रकरणात सांगितले, की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. ते वाक्य दुसऱ्यांना ऐकविण्यास आपण नेहमी पुढे असतो. ते आपल्यालाही लागू आहे.

सणासुदीला वर्षातून पंधरापर्यंत दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाची मुभा देण्याचा अधिकार नियमांनी राज्य सरकारला दिला आहे. मुभा ही सवलत असते. ती पुरती वसूल केलीच पाहिजे, असे कोठे लिहिलेले नाही. गोव्याची जत्रा असो, बेळगावची गणेश-मिरवणूक असो की इंदूरच्या राजवाड्यापुढचा उत्सव, जे देवस्थान ही सवलत आपण होऊन कमी वापरील, त्यालाच तरुणांना चार शब्द सांगण्याचा अधिकार राहील.

तेव्हा आमची मागणी दोन्हीकडे आहे. समित्यांनी कळसावरचे कर्णे उतरवावेत आणि ध्वनिक्षेपक सभामंडपात, श्रोत्यांच्या कानांच्या उंचीला आणावेत. विजेच्या नगाऱ्यावर खर्च होणारा पैसा वाजविणाऱ्या मुलांच्या शिकवणीवर खर्चावा. एवढे करून मग देवळाच्या वाहनतळावर पाटी लावावी, की येथे डिकी उघडून वाजविण्यास मनाई आहे. आणि ती पाटी अध्यक्षांच्या चिरंजीवांच्या मोटारीलाही लागू करावी. तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की हौस असेल तर जरूर करा, पण कारागिरीने करा. पेटी चांगली बंदिस्त असू द्या, फ्यूज बॅटरीपाशी असू द्या, आणि आवाज कितीवर ठेवावयाचा ते आत बसून ठरवू नका. मोटारीची दारे लावून दहा पावले दूर जाऊन उभे राहा. तेथे दणका पोहोचत असेल, तर तो तुमचा राहिलेला नाही. तो दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरला आहे. न विचारता, पादत्राणांसकट, कोणी आपल्या देवघरात शिरले तर आपण त्यास काय म्हणू, ते ज्याचे त्याने मनाशी म्हणून पाहावे.