यंत्र उसंत देते, उपचार नव्हे!

अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर विचारतात, ‘संसर्ग रक्तात पसरला आहे, हृदयही साथ देत नाही. एक्मो लावून पाहायचे का?’ कुणाला वाटते, यंत्र लागले म्हणजे माणूस वाचला. कुणाला वाटते, यंत्र लागले म्हणजे संपलेच. दोन्ही समज चुकीचे आहेत.

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. काही रुग्णांत हृदयाचा स्नायूही दुबळा होतो. पण हे दुबळेपण बहुधा तात्पुरते असते. अमेरिकेतील डॉ. मार्गारेट पार्कर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवले, की वाचलेल्या रुग्णांचे असे दुबळे हृदय सुमारे दहा दिवसांत पूर्ववत होते. प्रश्न तेवढे दिवस तगून राहण्याचा असतो.

एक्मो यंत्र मोठ्या शिरेतले रक्त बाहेर घेते, त्यात ऑक्सिजन मिसळते आणि ते धमनीत परत ढकलते. संसर्ग त्याने बरा होत नाही. हृदयाला उसंत मिळते, इतकेच. ‘लॅन्सेट’ने २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात हृदय अत्यंत क्षीण झालेल्या ८२ सेप्सिस रुग्णांना एक्मो लावले होते. त्यांतले ६० टक्के ९० दिवसांनंतर जिवंत होते. एक्मो न लावलेल्या १३० जणांत हे प्रमाण २५ टक्के होते. आकडे आशादायक आहेत, पण रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झालेली नव्हती. तशी वाटणी करून हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा २०२३ मध्ये निष्कर्ष निघाला, की एक्मोमुळे ३० दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. तो आजार वेगळा, तरी सावधगिरीचा धडा तोच.

म्हणून माझे मत असे, की एक्मो सरसकट लावू नये आणि सरसकट नाकारूही नये. रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, तर आधी इको करून हृदय किती दुबळे आहे ते पाहावे. हृदय नीट चालत असेल आणि दोष सैलावलेल्या रक्तवाहिन्यांचा असेल, तर यंत्राचा फारसा उपयोग नाही. हृदयच थकले असेल, तर सगळे अवयव निकामी होण्याची वाट न पाहता अनुभवी केंद्राशी बोलावे. रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे हे धोके आणि खर्च नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगावा.

आणि सेप्टिक शॉकची शंका येताच तासाभरात प्रतिजैविक सुरू करणे कोणत्याही रुग्णालयाला जमण्यासारखे आहे. ते चुकले, तर महागडे यंत्रही ती वेळ परत आणून देत नाही.